व्होल्ट उतरलाय? आधी हर्ट्झ बघा

वाचकांचे प्रश्न : डिझेल जनरेटर

‘जनरेटर चालतोय, पण करंट कमी देतोय’ अशी पत्रे या वेळी बरीच आली. आपल्याकडे ‘करंट कमी’ म्हणजे बहुतेक वेळा व्होल्टेज कमी, तेव्हा तोच अर्थ धरून उत्तरे दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. जनरेटर म्हणजे एका पाट्यावर बसवलेली दोन यंत्रे: डिझेल इंजिन आणि अल्टरनेटर, ज्याला खेड्यात अजून डायनामो म्हणतात. चार पोलचा अल्टरनेटर मिनिटाला १५०० फेरे फिरला की ५० हर्ट्झ देतो. म्हणजे हर्ट्झला ३० ने गुणले की इंजिनचे फेरे मिळाले. व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही एकदम पडत असतील तर दोष इंजिनकडे शोधायचा. हर्ट्झ जागेवर आणि व्होल्ट तेवढे पडत असतील तर अल्टरनेटर किंवा त्याच्या पुढची वायरिंग. हर्ट्झ दाखवणारा मल्टीमीटर आता महाग राहिलेला नाही. तो नसेल तर स्क्रूड्रायव्हर खिशातच ठेवा.

प्रश्न : आमची भाताची गिरणी आहे. २५ केव्हीएचा जनरेटर रिकामा चालताना ४१५ व्होल्ट दाखवत होता, हलर (भात सडणारे यंत्र) लावला की ३६५. वायरमनने एव्हीआरचा (अल्टरनेटरचे व्होल्ट आपोआप सांभाळणाऱ्या कार्डाचा) स्क्रू फिरवून रिकाम्या वेळचे व्होल्ट ४४५ केले, तरी लोडवर ३८५ च्या वर जात नाही. एव्हीआर बदलू का?
(गिरणीचालक, खानापूर तालुका)

उत्तर : बदलू नका. तुमचेच आकडे सांगतात की एव्हीआर शाबूत आहे. आधी ४१५ चे ३६५ झाले, म्हणजे ८८ टक्के राहिले. स्क्रू फिरवल्यावर ४४५ चे ३८५, म्हणजे साडेशहाऐंशी टक्के. स्क्रूने वरचा आकडा वाढला, पडण्याचे प्रमाण जवळजवळ तेच राहिले. असे होते तेव्हा एव्हीआर मुद्दाम व्होल्ट खाली आणत असतो. ५० हर्ट्झच्या मशिनवर तो साधारण साडेसत्तेचाळीस हर्ट्झपर्यंत व्होल्ट धरून ठेवतो. त्याच्या खाली फेरे गेले की ज्या प्रमाणात हर्ट्झ पडतात त्याच प्रमाणात व्होल्टही सोडतो. कमी फेऱ्यांवर पूर्ण व्होल्ट द्यायचे तर फिल्डमध्ये (चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉइलमध्ये) जास्त करंट ढकलावा लागतो आणि वायंडिंग तापते, म्हणून ही सोय आहे. शिवाय व्होल्ट कमी झाल्याने दमलेल्या इंजिनवरचा भारही थोडा हलका होतो. ८८ टक्के म्हणजे हर्ट्झ ४२ च्या आसपास, फेरे जेमतेम १२५०. हलर चालू असताना मीटर लावून बघा, आकडा याच्या जवळपासच येईल.

पहिले काम म्हणजे तो स्क्रू परत फिरवून रिकाम्या वेळी ४१५ वर आणा. ४४५ म्हणजे प्रत्येक फेज आणि न्युट्रलमध्ये २५७ व्होल्ट. त्यावर गिरणीतले दिवे आणि स्टार्टरच्या कॉइल फार दिवस टिकायच्या नाहीत.

दुसरे काम, टंग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा करंटचा मीटर) लावून हलरवर तिन्ही फेजचा करंट मोजा. २५ केव्हीएला प्रत्येक फेजवर सुमारे ३५ अँपिअर ही मर्यादा. पंधरा एचपीची मोटार पूर्ण भारावर २१ च्या आसपास घेते. एलिव्हेटर, ब्लोअर धरून आकडा ३५ च्या वर जात असेल तर इंजिनला बोल लावण्यात अर्थ नाही, हलरचा चारा (आत सोडायचा भात) कमी करा.

करंट मर्यादेत आहे आणि तरी फेरे पडतात, तर धुराकडे बघा. लोड आल्यावर काळा धूर आणि फेरे कमी: डिझेल मिळतेय, हवा मिळत नाही. भाताच्या गिरणीत हे हमखास होते. कोंड्याची बारीक धूळ एअर क्लीनरवर थर धरते. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले तास मोकळ्या हवेतल्या जनरेटरसाठी असतात, तुमच्याकडे त्याच्या निम्म्यातच फिल्टर उघडून बघावा लागेल. जमल्यास हवा ओढायचा पाइप गिरणीच्या बाहेरच्या भिंतीला न्या. धूर जवळजवळ नाही आणि फेरे पडतात: डिझेल पोचत नाही. टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे का ते आधी बघा, फुकटचे काम आहे. झाकण सैल करून फेरे सुधारले तर तिथेच निकाल लागला. मग फिल्टर, मग टाकीचा कॉक, मग फीड पंप. पाइपच्या जोडातून हवा धरत असेल तर फेरे एकसारखे न पडता वरखाली होतात.

तिसरी शक्यता गव्हर्नरची, म्हणजे इंजिनचे फेरे सांभाळणाऱ्या भागाची. साध्या मेकॅनिकल गव्हर्नरचे इंजिन रिकामे असताना ५२ हर्ट्झवर, म्हणजे १५६० फेऱ्यांवर ठेवायचे असते. तेव्हा कुठे पूर्ण लोडवर ते ५० वर उतरते. कोणी ‘बरोबर ५०’ म्हणून रिकामे असतानाच रेस कमी करून ठेवली असेल तर लोडवर ते ४८ च्या आसपास घसरणारच. रेसचा स्क्रू फिरवायला हरकत नाही, पण पंपावरचा सील केलेला जास्तीत जास्त डिझेलचा स्क्रू मात्र उघडू नका. त्याने काळा धूर वाढतो, ताकद नाही.

जाता जाता: नवा एव्हीआर बसवल्यावर रिकाम्या मशिनलाही ३६५ च्या आसपासच व्होल्ट येत असतील, तर एव्हीआरवरची ५०/६० हर्ट्झची लिंक बघा. ती ६० वर असेल तर एव्हीआरचा उंबरठा ५७ हर्ट्झवर जातो आणि ५० हर्ट्झवर तो व्होल्ट कमीच देतो. लिंक हलवली की काम झाले.

प्रश्न : गणपतीत भाड्याने आणलेल्या सेटचा पॅनलवरचा मीटर ३८० दाखवतो, आमचा मल्टीमीटर ४१४. खरे कोणाचे?
(मंडळाचे कार्यकर्ते, बेळगाव)

उत्तर : मल्टीमीटर अल्टरनेटरच्या टर्मिनलवर लावून ४१४ येत असतील तर मल्टीमीटरचे. पॅनल मीटरच्या आधी फेज निवडायचा स्विच असतो, त्याचे संपर्क गंजतात. तो चार-पाच वेळा इकडून तिकडे फिरवून बघा, काटा हलला तर स्विच बदलायला सांगा. याच पॅनल मीटरवर विसंबून कोणी एव्हीआर ‘दुरुस्त’ केला तर मंडपाला साडेचारशे व्होल्ट मिळतील.

प्रश्न : ६२.५ केव्हीए, ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेला). रिकाम्यावर ४१५. मशिनशॉपचा तीसेक अँपिअर लोड आला की तिन्ही फेज ३४० वर. हर्ट्झ ५०.५ वर ठाम. एव्हीआर एकदा बदलून झाला, फरक शून्य.
(कारखानदार, उद्यमबाग)

उत्तर : हर्ट्झ ठाम आहेत म्हणून इंजिन सुटले. ६२.५ केव्हीएला ८७ अँपिअर झेपायला हवेत, तीसवर मान टाकणे म्हणजे फिल्डला पुरेसा करंट जात नाही. तो एव्हीआर देत नाही की एव्हीआर देतोय आणि पुढे पोचत नाही, एवढेच शोधायचे आहे. एव्हीआर बदलण्याआधी हे शोधले असते तर पैसे वाचले असते.

मल्टीमीटर डीसीवर ठेवून एव्हीआरच्या फिल्डच्या दोन वायरींवर लावा. या वायरींना काही कंपन्या एक्स आणि डबल एक्स म्हणतात, काही एफ-१ आणि एफ-२. रिकाम्या मशिनला इथे साधारण १० ते १५ व्होल्ट डीसी दिसतात, पूर्ण लोडवर त्याच्या तिप्पट-चौपट. रिकाम्यावरच पंचवीस-तीस दिसत असतील तर एव्हीआर जीव तोडून ढकलतोय आणि दोष फिरत्या भागात आहे, बहुधा डायोडमध्ये. उलट लोड आल्यावरही आकडा बारा-तेराच्या वर सरकत नसेल तर एव्हीआरला लोड आल्याचे समजत नाही किंवा कोणी त्याला व्होल्ट कमी करायला सांगतेय.

हा ‘कोणी’ म्हणजे बहुतेक वेळा ड्रूपचा (मुद्दाम थोडे व्होल्ट उतरवणारा) सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. दोन सेट समांतर चालवण्यासाठी अल्टरनेटरच्या एका फेजवर एक छोटा सीटी असतो आणि त्याच्या वायरी एव्हीआरच्या एस-१, एस-२ ला जातात. सेट एकटा चालत असेल तर त्याची गरज नाही. तो जोडलेला राहिला तर मोटारींसारख्या इंडक्टिव्ह लोडवर व्होल्ट उतरतात. मात्र त्याने एकट्याने ७५ व्होल्ट पडत नाहीत, पाच टक्क्यांच्या आसपासच. सीटी काढायचा असेल तर मशिन बंद करून त्याच्या दोन वायरी आपसात शॉर्ट करा. उघड्या ठेवू नका. चालू लोडवर उघडा सीटी धोकादायक व्होल्टेज तयार करतो.

तुमच्या आकड्यांवरून आमचा संशय डायोडवर आहे. खात्री करायची रीत अशी. इंजिन बंद करा, सेटच्या बॅटरीची निगेटिव्ह काढा, कारण ऑटो-स्टार्टचा सेट हात आत असताना सुरू होऊ शकतो. एव्हीआरमधून फिल्डच्या दोन्ही वायरी काढा आणि त्यांना मल्टीमीटरने ओहम मोजा. या आकाराच्या बऱ्याच ब्रशलेस मशिनना वीसच्या आसपास येतात, नेमका आकडा मशिनच्या पुस्तकात असतो. बराच कमी आला तर एक्सायटरची (मुख्य फिल्डला करंट पुरवणाऱ्या आतल्या छोट्या जनरेटरची) कॉइल शॉर्ट, मीटरने काहीच दाखवले नाही तर तुटलेली.

आता त्या दोन वायरींना वेगळी १२ व्होल्टची बॅटरी जोडा, मधे पाच अँपिअरचा फ्यूज घाला. पॉझिटिव्ह एक्सला, म्हणजे एफ-१ ला. मुख्य ब्रेकर बंद ठेवून, सेटची निगेटिव्ह परत लावून इंजिन १५०० वर चालवा. टर्मिनलवर तिन्ही फेजचे आपसातले व्होल्ट मोजा. तिन्ही सारखे आणि ४१५ च्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे ३७४ ते ४५६, तर मशिन ठीक, दोष एव्हीआरकडे किंवा त्याला व्होल्ट कळवणाऱ्या सेन्सिंगच्या वायरींत. तिन्ही सारखे पण बरेच कमी, तर डायोड किंवा रोटर. तिन्ही वेगवेगळे, तर मुख्य वायंडिंगमध्ये शॉर्ट आहे, तो वायंडरचा विषय. एक सावधगिरी: एकच डायोड ‘ओपन’ झाला असेल तर ही रिकामी चाचणी जवळजवळ नीट निघू शकते, म्हणून डायोड काढून तपासणे चुकवू नका.

डायोड सहा असतात, तीन एका दिशेचे आणि तीन उलट दिशेचे, मागच्या झाकणाआड फिरत्या चकतीवर. प्रत्येकाची वरची वायर सोडवून मग मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. एका दिशेने ०.४ ते ०.७ आणि दुसऱ्या दिशेने काहीच नाही, तर चांगला. दोन्हीकडून वाजला तर शॉर्ट, दोन्हीकडून गप्प तर ओपन. वायर न सोडता मोजलात तर रोटरमधून वाट मिळते आणि सगळेच खराब वाटतात. चकतीवर दोन टोकांमध्ये जादा व्होल्टचा झटका शोषणारा एक गोल व्हेरिस्टर असतो, तो जळून काळा पडला असेल तर तोही गेला. एक डायोड गेला असेल तर आम्ही सहाही आणि सोबत व्हेरिस्टर बदलायला सांगतो. उरलेल्या पाचांनीही तोच झटका सोसलेला असतो. अँपिअर जुळतात म्हणून बाजारातला कुठलाही डायोड नको, उलट व्होल्ट सोसायची क्षमता आणि दिशा दोन्ही जुळायला हव्यात. उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट डायोडच्या बुडाला लावा, आट्यांना नको, आणि नट बेताने आवळा. जोर लावून पिळलेला डायोड आतून तडकतो आणि महिन्याभराने पुन्हा हेच पत्र लिहावे लागते.

प्रश्न : मागांचा कारखाना. जनरेटरवर गेलो की ऑफिसमधल्या ट्यूब मंद आणि दुसऱ्या खोलीतल्या भगभगीत. फेज-न्युट्रल २०५, २५८, २६०. आमच्या वायरमनचे मत, आर फेजचे वायंडिंग गेले.
(यंत्रमागधारक, वडगाव, बेळगाव)

उत्तर : जनरेटर आत्ता बंद करा, मग पुढचे वाचा. फेज-फेज व्होल्ट मोजले असतील तर तिन्ही ४१५ च्या जवळ आले असतील. तसे असेल तर वायंडिंग ठणठणीत आहे, न्युट्रल सुटलेय किंवा सैल आहे. न्युट्रल हरवला की तीन फेजवरचे सिंगल फेज लोड आपसात व्होल्ट वाटून घेतात. ज्या फेजवर लोड जास्त तिथे व्होल्ट कमी, जिथे कमी तिथे जास्त. मागांच्या तीन फेज मोटारींना काही कळतही नाही, मरण येते ट्यूब, कॉम्प्युटर आणि जेकार्डच्या इलेक्ट्रॉनिक कार्डाला. आज २६० आहे, आर फेजवर आणखी एक पंखा लागला की बाकीचे वाढतील.

जनरेटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये, लोड चालू असताना फेज आणि न्युट्रलमध्ये मोजा (हे लायसन्सवाल्या माणसाचे काम). तिथे २४० सारखे असतील तर दोष पुढे: वीज कंपनी की जनरेटर हे निवडणाऱ्या चेंजओव्हर स्विचचा चौथा (न्युट्रलचा) पोल, अॅल्युमिनियम केबलचा लग, न्युट्रलची पट्टी. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) सप्लायवर सगळे नीट आणि जनरेटरवरच बिघाड, तर चेंजओव्हरच्या जनरेटरच्या बाजूचा न्युट्रल संपर्क पहिला उघडून बघायचा. टर्मिनल बॉक्समध्येच फरक दिसला तर आतला स्टारचा बोल्ट (तिन्ही फेजची टोके जिथे एकत्र येतात तो) सैल. काही ठिकाणी ‘न्युट्रल नाही ना, मग आर्थिंगला जोडा’ असे केलेले आम्ही पाहिले आहे. तसे कोणी सुचवले तर त्याच्याकडून पुढचे काम करून घेऊ नका.

प्रश्न : कृष्णाकाठी साडेसात एचपीचा मोनोब्लॉक पंप, जनरेटर घराजवळ. मधे ४०० मीटर अॅल्युमिनियम केबल, ४ चौरस मिमी. जनरेटरवर ४१२, मोटारीवर ३५२, मोटार तापते. जनरेटरचे व्होल्ट वाढवू का?
(ऊस उत्पादक, अथणी तालुका)

उत्तर : नको. तुमचा जनरेटर बरोबर आहे, केबल बारीक आहे. ४ चौरस मिमी अॅल्युमिनियमला किलोमीटरला ७.४ ओहम, म्हणजे ४०० मीटरला जवळजवळ ३. साडेसात एचपीची मोटार ११ अँपिअर घेते. हिशेब १.७३ गुणिले ११ गुणिले ३ गुणिले ०.८५ पॉवर फॅक्टर, म्हणजे ४८ व्होल्ट केबलमध्येच मुरतात. व्होल्ट कमी मिळाल्यावर तेवढेच पाणी उचलायला मोटार करंट वाढवते, टंग टेस्टर १३ च्या जवळ दाखवेल, आणि मग घट ५५-५७ वर जाते. उरलेले तीन-चार व्होल्ट जोडांत. मोटार तापते ती याच जादा दोन अँपिअरने. सुरू होतानाचे तर विचारू नका, सहापट करंटला शंभराच्या वर व्होल्ट वाटेतच जातात.

१० चौरस मिमी अॅल्युमिनियम टाकली तर घट २० व्होल्टवर येते, १६ ची टाकली तर १२-१३ वर. आम्ही १६ घ्या म्हणू, कारण सुरुवातीचा झटका खरा त्रास देतो. जुनी केबल ठेवायची असेल तर जनरेटर ट्रॉलीवर बसवून मोटारीजवळ न्या, मात्र पावसाळ्यात ट्रॉली वर काढून ठेवायची शिस्त पाहिजे. २०१९ चा पूर काठावरच्या कोणाला सांगायला नको. अॅल्युमिनियम आणि तांबे नुसते पिळून जोडलेले असतील तर ते जोड तोडा. त्यांच्यात ऑक्साइड धरतो, जोड तापतो आणि उन्हाळ्यात टेप वितळून लोंबतो. दोन धातूंसाठीचा बायमेटल लग दाबून बसवा.

प्रश्न : पट्ट्यावर चालणारा जुना डायनामो, कार्बनवाला. सुरुवातीला ४१० असतो, तासाभरात ३५० वर येतो. थंड झाला की परत नीट.
(शेतकरी, रायबाग तालुका)

उत्तर : यात तीन गोष्टी एकत्र असू शकतात. पहिली पट्टा. तासाभराने हर्ट्झ मोजा. इंजिनचा आवाज तोच आणि हर्ट्झ कमी, तर पट्टा घसरतोय. तापून गुळगुळीत झालेला व्ही बेल्ट पुलीच्या बुडाला टेकू लागला की तो संपला. अनेक पट्टे असतील तर सगळे एकदम बदला, नवा एक आणि जुने दोन असे लावले तर सगळा भार नव्यावर येतो. ताण बेताचा ठेवा: दोन पुलींत मीटरभर अंतर असेल तर मधे अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दबावा. पुली बदललेली असेल तर गणितही तपासा. हजार फेऱ्यांच्या इंजिनावर १८ इंची पुली असेल तर डायनामोला १२ इंचीच हवी, तेव्हा १५०० होतात. कोणी १३ इंची बसवली असेल तर फेरे १३८५ वरच थांबतात.

दुसरी गोष्ट नैसर्गिक आहे. एव्हीआर नसलेल्या मशिनमध्ये रोटरचे तांबे तापले की त्याचा विरोध अंशाला ०.४ टक्क्याने वाढतो, पन्नास अंश तापले तर वीस टक्के. त्यामुळे फिल्डचा करंट कमी, व्होल्टही थोडे कमी. म्हणून रेग्युलेटरचा खटका मशिन अर्धा तास चालल्यावर जुळवायचा, थंड असताना नाही. पण साठ व्होल्ट एवढ्याने सहसा पडत नाहीत.

तिसरी, कार्बन, म्हणजे स्लिप रिंगवर टेकून फिरत्या फिल्डला करंट देणारे ब्रश. निम्म्याहून जास्त झिजले असतील किंवा खोबणीत अडकत असतील तर स्प्रिंगचा दाब उरत नाही. स्लिप रिंग काळी पडली असेल तर झिरो नंबरच्या काचपेपरने साफ करा. एमरी पेपर वापरू नका, त्याची पूड वीज वाहून नेते आणि दोन रिंगांच्या मधे बसते. नवे कार्बन रिंगच्या गोलाईवर घासून बसवा, नाहीतर टोकावरच टेकतात. एवढे करून फरक पडला नाही तर फिल्डचा ब्रिज रेक्टिफायर गरम असताना तपासा. थंड असताना चांगला आणि तापल्यावर एक पाय सोडणारा ब्रिज दुर्मीळ नाही.

प्रश्न : पावसाळाभर बंद असलेला ब्रशलेस सेट चालू केला तर मीटरवर फक्त तीन-चार व्होल्ट.
(होमस्टेचालक, कणकुंबी परिसर)

उत्तर : तुमच्याकडचा पाऊस बघता आधी ओल. एव्हीआरच्या सगळ्या वायरी काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वायंडिंग आणि बॉडीमध्ये मोजा. एक मेगओहमच्या खाली असेल तर चालवू नका. दोनशे वॉटचे एक-दोन जुने गोळे आत ठेवून, वरून ताडपत्री सैल टाकून दिवसभर कोरडे करा, पुन्हा मोजा. त्याच वेळी वायरी बोटाने चाचपून बघा, पावसाळ्यात उंदीर उबेला आत शिरतात आणि सेन्सिंगच्या बारीक वायरी कुरतडतात.

मेगर बरा असेल आणि वायरी धड असतील, तर एक्सायटरच्या लोखंडात उरणारे थोडेसे चुंबकत्व गेलेय. मशिन आपल्याच त्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर सुरुवात करते, एव्हीआर जागा व्हायला टर्मिनलवर चार-पाच व्होल्ट तरी लागतात. मशिन बंद ठेवा, एव्हीआरमधून फिल्डच्या दोन वायरी काढा, १२ व्होल्टच्या बॅटरीची पॉझिटिव्ह एक्सच्या वायरीला आणि निगेटिव्ह दुसरीला दोन-तीन सेकंद लावा. काढताना ठिणगी पडते, ते टोक बॅटरीच्या तोंडाशी नको. वायरी परत जशा होत्या तशा जोडून मशिन चालवा. एव्हीआर जोडलेला असताना आणि उलटी बॅटरी लावून हा प्रयोग केला तर एव्हीआर जळेल, बाकी काही नाही. पुढच्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा अर्धा तास, निदान एकतृतीयांश लोड देऊन चालवा. रिकामे पळवून उपयोग नाही, न जळलेले डिझेल सायलेन्सरमध्ये साठते.

प्रश्न : गुऱ्हाळावर १५ केव्हीए आहे. दहा एचपीचा चरका सुरू करताना व्होल्ट एवढा पडतो की स्टार्टर खटखट वाजून सोडतो. जनरेटर सदोष आहे?
(गुऱ्हाळचालक, हुक्केरी तालुका)

उत्तर : जनरेटर लहान आहे, सदोष नाही. १५ केव्हीएची मर्यादा २१ अँपिअर. दहा एचपीची मोटार चालताना १४ घेते, पण डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना सहापट, म्हणजे ८४. एवढ्या झटक्याला व्होल्ट कोसळतात, स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची (चुंबकी स्विचची) कॉइल पकड सोडते, लोड गेला की व्होल्ट वर येतात, कॉइल पुन्हा पकडते. हीच ती खटखट. यात कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटतात आणि मोटार जळते. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटार आधी स्टारमध्ये कमी व्होल्टवर सुरू करून मग डेल्टात पूर्ण व्होल्टवर नेणारा) बसवा, झटका २८ वर येईल. पण स्टारमध्ये मोटारीचा जोरही तिसरा हिस्साच असतो, म्हणून चरक्यात ऊस घालून सुरू करायचे नाही. टायमर आठ-दहा सेकंद ठेवा, मोटार वेग धरण्याआधी डेल्टावर गेली तर पुन्हा तोच झटका. चरका आधी, मग पाण्याची मोटार, दिवे शेवटी. मुकाट चालायचे असेल तर स्टार-डेल्टासह २५ केव्हीए. आणि खरे विचाराल तर डिझेल जाळून वीज करायची, आणि त्या विजेने मोटार फिरवून चरका चालवायचा, या दोन्ही ठिकाणी काही ताकद वाया जाते. जुन्या गुऱ्हाळांत इंजिनचा पट्टा थेट चरक्याला असायचा, त्यात डिझेल वाचायचे.

प्रश्न : तीन केव्हीएचा हातात न्यायचा जनरेटर, १७० व्होल्टच देतो. आत एव्हीआर नाही, कार्बनही नाहीत.
(केटरिंग व्यावसायिक, निपाणी)

उत्तर : मग आत एक कपॅसिटर आहे आणि तो दमलाय. या मशिनमध्ये कपॅसिटरच फिल्डचे काम करतो, त्याचे मायक्रोफॅरड कमी झाले की व्होल्ट त्यामागे उतरतात. इंजिन बंद करून, इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने नव्हे तर दिवा बसवलेल्या होल्डरने कपॅसिटर रिकामा करा आणि मोजा. अंगावर छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदला. नवा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, ४५० व्होल्ट एसीचा. जास्त मायक्रोफॅरडचा टाकून व्होल्ट ‘चांगले’ करण्याचा मोह होईल, त्याने वायंडिंग तापते. बदलायच्या आधी हर्ट्झ बघायला विसरू नका. छोट्या पेट्रोल-डिझेल सेटमध्ये फेरे तीन हजार असतात, २७०० वर आले तर नवा कपॅसिटरही २३० देणार नाही.